बारा कप्प्यांचा रॅक

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून काम सुरू. हिच्या वस्तूंसाठी एक लाकडी रॅक. बारा कप्पे, खाली एक खण. लाकूड विकत आणायचं नाही, गच्चीवर भंगार पडलंय त्यातूनच करायचं. मुदत आठ दिवस. एकतीस वर्षं कंपनीचं स्टोअर सांभाळलं, पंधरा हजार वस्तूंना जागा दिली. हे काम म्हणजे हातचा मळ.

लेकीच्या बाळंतपणाला ही तीन महिन्यांसाठी गेली. आता पाचवा चालू आहे. जाताना म्हणाली होती, या घरात माझ्या सुईदोऱ्यालासुद्धा धड जागा नाही. म्हणजे कारण स्पष्ट आहे. स्टोअरचा पहिला नियम: जागा तयार नसताना माल मागवायचा नाही. तेव्हा रॅक होईपर्यंत तिला ये म्हणायचं नाही. झाला की त्याच दिवशी म्हणायचं.

३ फेब्रुवारी, मंगळवार
लेबलं तयार. आधी लेबल, मग कप्पा, ही माझी पद्धत. सुईदोरा, बटणं, कात्री, चष्मा, औषधं, लोकर. इथपर्यंत भराभर लिहिली. पुढे काही सुचेना. अडतीस वर्षांच्या संसारात हिच्याकडे आणखी काय काय जमलंय हे मला माहीत नाही असं नाही, फक्त आठवत नव्हतं.

फोन करून विचारलं. म्हणाली, कशाला हवंय? म्हटलं, सहज. तिने सहा वस्तू सांगितल्या. मग थोडं थांबून म्हणाली, आणखी काही? म्हटलं, नाही, बारा झाल्या.

चहा टाकला. सवयीने दोन कप झाला. वाया घालवायचा नाही म्हणून दोन्ही प्यायलो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
गच्चीवरून दोन पॅकिंगची खोकी, एक मोडकी चौकट आणि एक लांब फळी खाली आणली. फळी उत्तम दिसत होती. दारात टेकवली तर अर्धी भुसा होऊन पायावर पडली. वाळवी.

कोपऱ्यावरच्या सुताराकडे करवत मागितली. म्हणाला, काका, लाकूड इकडे आणून टाका, दोन तासांत ठोकून देतो. मी नुसता हसलो. कोपरे काटकोनात बसतायत का बघायला गुण्याही देत होता. घेतला नाही. एकतीस वर्षांची नजर आहे, तिला गुण्या कशाला?

९ फेब्रुवारी, सोमवार
आठ दिवस आज संपले. पण डिझाइनमध्ये सुधारणा केल्यामुळे मुदत वाढवणं भाग आहे. सुधारणा अशी की कप्पे बाराऐवजी नऊ. लाकूड कमी पडलं हे कारण नाही.

योगायोग बघा. संध्याकाळी कात्रीची लांबी विचारायला फोन केला तर ही म्हणाली, नवी कात्री मी इकडेच मागवून घेतली, पार्सलने. चष्मा तर डोळ्यांवरच आहे आणि औषधांना जावयांनी छोटं कपाट आणलंय. म्हणजे बरोबर तीन कप्पे कमी. माझा अंदाज चुकत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार
ठोकाठोकी जोरात. दुपारी खालच्या मजल्यावरच्या बाई तणतणत वर आल्या. म्हणाल्या, हे किती दिवस चालणार? मी त्यांना बसायला खुर्ची दिली, सगळी योजना समजावली, लेबलं दाखवली, पाणी विचारलं. त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, दुपारी दोन ते चार तेवढं ठोकू नका, आणि गेल्या. पाच-सात मिनिटं होत्या. बऱ्या वाटल्या बाई.

१५ फेब्रुवारी, रविवार
दुपारी दोन ते चार ठोकलं. मुद्दाम नाही, गम वाळत आला होता. कोणी आलं नाही. गेल्या असतील गावाला.

२१ फेब्रुवारी, शनिवार
रॅक उभा केला. तो किंचित डावीकडे झुकतो. जमीनच वाकडी आहे. नाचता येईना अंगण वाकडं असं कोणी म्हणेल, पण आमची फरशी खरोखरच वाकडी आहे, मी गोटी सोडून बघितली.

फळ्या संपल्या. स्वयंपाकघरातल्या मांडणीची एक फळी काढून घेतली. डबे सध्या जमिनीवर ठेवले आहेत. मग दुसरीही काढली. वस्तू ठेवायला घरात पूर्वीपेक्षा कमी जागा आहे, पण ही तात्पुरती अवस्था आहे.

लेकीचा फोन. बाबा, जेवता ना वेळेवर? म्हटलं, कामात आहे. नात मागे काहीतरी आवाज काढत होती आणि ही तिला हसवत होती. ऐकत राहिलो. लेक दोनदा हॅलो हॅलो म्हणाली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
कप्पे पाच. मजबुती वाढते.

लोकर आणि विणायच्या सुया हिने परवाच तिकडे मागवून घेतल्या म्हणे. परवा म्हणजे जावई कामासाठी इकडे आले होते, मी करवत परत करायला सुताराकडे गेलो असताना पिशवी नेली. शेजारी किल्ली असते. मला फोन का केला नाही विचारलं, तर ही म्हणाली, तुमच्या कामात व्यत्यय नको म्हणून.

खरं म्हणजे आज मला वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कोण वाचणार आहे!

१२ मार्च, गुरुवार
सकाळी साडेअकरा. रॅक पूर्ण. तीन कप्पे, एक खण. पॉलिश पेपर मारला, हात फिरवला तर कुसळ लागत नाही. लेबलं चिकटवली: सुईदोरा, बटणं, इतर. अर्धा तास समोर खुर्ची टाकून बसलो. झुकतो, पण छान झालाय.

आज तिला ये म्हणायचं. आधी दाढी केली. फोनवर दाढी दिसत नाही हे मला कळतं.

लावणार तोच तिचाच फोन आला. म्हणाली, रविवारी जावयांबरोबर गाडीने येते. मी काही न म्हणताच! स्टोअरचा नियम खोटा ठरत नाही.

१५ मार्च, रविवार
ही आली. शिवणयंत्र आणि उरलेले कपडे न्यायला.

घरात शिरताच जमिनीवरचे डबे बघितले. रॅकसमोर मात्र बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, हे तुम्ही केलंत? म्हटलं, हो, भंगारातून. लेबलावरून बोट फिरवलं. जावयांना रॅक फार आवडला. म्हणाले, बाबा, बाळाच्या दुपट्यांना अगदी हवा तसा आहे, नेऊ का? जावई माणूस, आणि नातीचं काम. नाही कसं म्हणणार? म्हटलं, न्या की.

ते उचलून घेऊन गेल्यावर आम्ही दोघंच दारात. ही म्हणाली, पाच महिने मी वाट बघतेय की तुम्ही कधीतरी ये म्हणाल. रोज फोन वाजला की वाटायचं आज म्हणणार. तुम्ही विचारता कात्री किती इंच. मी म्हटलं, अगं, पण जागा तयार नव्हती. तिने विचारलं, आता आहे का?

मी खाली बघितलं. जावई रॅक गाडीत आडवा घालत होते. म्हटलं, आता नाही.

खरं तेच सांगितलं. ती पदराने चष्मा पुसत जिना उतरली. पहिल्या मजल्यापर्यंत पावलं ऐकू आली. खाली जाऊन हाक मारता आली असती. गुडघा दुखत होता. गुडघा दुखत नव्हता.

१६ मार्च, सोमवार
रात्रभर एकच विचार केला आणि ठरवलं. मला ही घरी हवी आहे. नियम वगैरे खड्ड्यात गेले. सरळ फोन लावायचा आणि एकच शब्द म्हणायचा.

नऊ वाजता लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला. म्हणाली, बोला. मी म्हटलं, रॅक नीट पोचला का? म्हणाली, पोचला. ती फोन ठेवत नव्हती. मीही ठेवत नव्हतो. म्हटलं, खालचा खण जरा अडकतो, ओढताना थोडा वर उचलायचा.

ती म्हणाली, बरं.