चिंचेनं घासलेली पाठ

अण्णा, काल तुमची नात तिच्या कासवाला टपात बसवून पाठीवरचं शेवाळ काढत होती. मऊ ब्रश, साधं पाणी. मी मदतीला हात लावला तर म्हणाली, "आई, जोरात नको. त्याच्या पाठीला कळतं." मी ब्रश खाली ठेवला आणि उगीच चहा करायला उठले. तुम्हीही अगदी हेच म्हणायचात. मला ते तुमचं लाडाचं बोलणं वाटायचं.

येलदरी धरणावरच्या एका मासेमारानं देवाला म्हणून आणून दिलेलं ते कासव तुम्ही परसातल्या हौदात ठेवलं होतं. महादेवाच्या देवळातली पूजा आटोपली की घरी येऊन काठावर बसून नुसत्या बोटांनी त्याचं शेवाळ काढायचात. मी सहावीत होते. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी तुम्ही सामान आणायला जिंतूरला गेलात आणि सभामंडपातलं पितळी कासव उजळायचं काम मला दिलंत. चिंच, राख आणि काथ्या. ते असं झळाळलं की मला चेवच आला. उरलेली चिंच घेऊन मी घरी येते, हौदातलं कासव उचलते आणि तसंच खसाखसा घासते. ते मान आत ओढून घेतं. मला वाटतं, लाजतंय. शेवाळाखाली पांढरे ओरखडे दिसायला लागतात तेव्हा कुठं मी घाबरून त्याला पाण्यात सोडते.

संध्याकाळी तुम्ही हौदात डोकावलात. "पाठ लय साफ दिसायलीय. कुणी घासली?"

"तुमीच नाही का परवा घासली, अण्णा?"

"घासली असंल," तुम्ही म्हणालात. सणाच्या गडबडीत तुम्हाला काही आठवत नव्हतं.

ओरखडे चिघळले, त्यानं खाणं टाकलं आणि पंधरा दिवसांत ते गेलं. त्याला बेलाखाली पुरून आल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "माझ्याच हातानं मुका जीव गेला." आणि महिनाभर रात्रीचं जेवण सोडलंत. "कासवापायी कुणी उपाशी राहतंय का?" म्हणून आई कुरकुरायची. मी समोरच बसलेली असायचे. एक वाक्य पुरलं असतं. ते मी तेव्हा बोलले नाही, तुमच्या शेवटच्या आजारपणात पायाशी बसून होते तेव्हाही नाही. मला माझीच शरम वाटते, अण्णा.

हे पत्र टाकायचं कुठं? वहीतच राहील. लहान होते, भ्याले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण भ्यालेल्या माणसाला घास उतरत नाही. त्या महिन्यात आई तुमच्या वाटणीची भाकरी रोज माझ्या ताटात वाढायची, आणि मी ती चवीनं खायचे.