बेंबीचा आळ

यवतमाळचा दवाखाना, १९६३

मथुरामाय,

तुया उकंड्याचं पोट शिवलं. सरकी काढाच्या जिनात कापसाचं गाठोडं उचलता उचलता बेंबी लिंबावानी बाहेर आली अन् अडकली. मंग सोबतच्यायनं इथं आणलं.

माह्या मायचे पोरं वाचत नव्हते म्हणून मरणाले फसवाले तिनं मले उकंड्यावरच्या केरात ठेवलं. तू उचललं अन् सूपभर कोंडा घेऊन तिले परत देलं. नाळही तूच कापली होती. पुढं माही बेंबी फुगली, तं गाव म्हणे सुईणीनं नाळ चुकीची कापली. तेव्हापासून तुले कोणी बाळंतपणाले बोलावलं नाही.

मी डॉक्टरले इचारलं, "नाळ कशी कापली म्हंजे असं होते?"

ते हासले. "कापण्याचा काही संबंध नाही. बेंबीमागचं भोक जन्मानंतर आपोआप बुजतं. तुमचं बुजलं नाही, आम्ही शिवलं."

मी पुन्हा इचारलं. तिसऱ्या खेपेले इचारलं, तं नर्सबाई चिडली.

हे पत्र पाठवलं तं वाचून घ्याले तुले त्याच लोकायच्या दारात जा लागन. म्हणून पाठवत नाही. टाके निघाले का मीच येतो अन् साऱ्यायपुढं सदरा वर करून सांगतो.

पण मथुरामाय, मले एक समजत नाही. इतके वर्ष तू गप काहून राह्यली? तुलेही तसंच वाटे काय?

तू उचललेला,
उकंडा