सर्व्हे नंबर ८४, गवतपड

सोम. ८ नोव्हेंबर १९५४
कचेरीतून हुकूम. नदीकाठचे एकतीस सर्व्हे नंबर सरकार ताब्यात घेणार आणि मुंबईच्या एका कंपनीला कारखान्यासाठी देणार. तलाठ्याने मागच्या आठ वर्षांच्या पीकपाहणीचे उतारे आठ दिवसांत पाठवावेत.

जेवण करून उतारे काढायला बसलो. चौथ्या नंबरलाच हात थांबला. गवतपड. पाचवा, गवतपड. सहावा, मागीलप्रमाणे. सगळं माझंच अक्षर. शाळेत याच अक्षराला बक्षीस मिळालं होतं.

चावडीच्या खिडकीतून नदीकाठ दिसतो. वांगी, मेथी, नवलकोल, मोटा चालू. गवत औषधालाही नाही.

बुध. १०
कुठे कबूल करता येत नाही, म्हणून निदान इथे.

सेहेचाळीस साली धान्याची लेव्ही जोरात होती. पाहणीत गहू लिहिला की सरकारी कोठारात इतका भरावा लागे की घरात बियाण्याची मारामार. ८४ नंबरच्या काशीबाईचा नवरा जाऊन महिना झाला नव्हता. दोन पोरं घेऊन चावडीत उभी राहिली. म्हणाली, यंदापुरतं गवत लिवा. लिहिलं. मग शेजारचा आला, त्याच्या मागून त्याचा भाऊ. एकीला हो म्हटल्यावर बाकीच्यांना नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? पैसा कोणाचा घेतला नाही. भाजी घेतली, खोटं कशाला बोलू.

त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट पुढचं. लेव्ही उठली, तरी मी बांधावर गेलो नाही. चावडीत बसायचं, कोतवालाने नाव पुकारायचं, शेतकऱ्याने "हाय तसंच" म्हणायचं, मी "मागीलप्रमाणे" लिहायचं. दोन दिवसांत गावाची पाहणी उरकते. तालुक्यात सगळे असंच करतात. कागदावरच्या गवताने कोणाचं काय बिघडतंय, असं वाटायचं.

शनि. १३
कंपनीचा साहेब आला. बरोबर आमचे मामलेदारसाहेब, कंपनीच्या मोटारीत. सरकारी जीप म्हणे दुरुस्तीला.

साहेब हुशार. पँट दुमडून सगळा काठ पायी हिंडला. काशीबाईच्या विहिरीचं पाणी प्यायला आणि उन्हाळ्यात टिकतं का विचारलं. तिला काय ठाऊक. मोठ्या अभिमानाने सांगितलं, वैशाखातबी आटत न्हाई. त्याने वहीत टिपून घेतलं.

नंतर चावडीत माझे उतारे पाहिले. गवतपड म्हणजे काय ते मामलेदारांनी त्याला इंग्रजीत समजावलं. तो हसला. स्वस्तात सौदा मिळालेला माणूस दुकानातून बाहेर पडताना हसतो, तसा. मा.साहेब मला म्हणाले, उत्तम काम आहे तुमचं. पिकाखालची जमीन जात नाही, असं आता मंत्र्यांना तोंडभरून सांगता येईल.

तिघांनीही तीच मेथी पाहिली होती. तिघांच्याही बुटांना मळ्याचा चिखल होता.

गुरु. १८
माझ्या सहीसाठी अहवाल आला. इंग्रजीत, टाइप केलेला. कागद जाड, गुळगुळीत. सरकारी कागद असा नसतो, आमच्या कागदावर तर शाई फुटते. उजेडात धरला तर आत कंपनीचा छाप. म्हणजे सरकारने कंपनीला जमीन का द्यावी, हे सरकारच्या वतीने कंपनीनेच लिहिलंय. मा.साहेब म्हणाले, आपला टायपिस्ट रजेवर आहे.

"वेस्ट लँड" एवढं इंग्रजी मला येतं.

सही केली. पेन्शनला चार वर्षं राहिलीत. आणि नाही म्हणायचं तरी कशाच्या जोरावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

रवि. २१
चाकणहून थोरला भाऊ आला, पोतंभर कांदे घेऊन. त्याला थोडं सांगितलं. म्हणाला, "आपल्याकडं कोन येतंय कारखाना घिऊन? कांद्याच्या वासानंच पळत्याल." खूप हसला. मला नाही आलं हसू.

बुध. २४
आज डोक्यात तिडीक गेली.

९० नंबर. पुण्याच्या शेठनी गेल्या साली बंगल्यासाठी घेतला. माझ्या सगळ्या दप्तरात गवतपडीची खरी नोंद ती एवढीच. तिथे खरंच गवत आहे, गुरं चरतात. परवा ट्रकमधून आंब्याची रोपं आली, मजुरांनी खोचली. दोन शेळ्यांनी खाल्लीदेखील. आज मा.साहेबांनी बोलावून सांगितलं, ९० ला फळबाग लिहा, जूनची तारीख घालून. कारखान्याची हद्द तिथे वळसा घेऊन जाणार आहे. नकाशा दाखवला. सरळ येणारी रेघ शेठच्या कुंपणाशी आली की अदबीने बाजूला होते, आणि जेवढी तिकडे सोडली तेवढी इकडे ८४ मधून भरून काढते. शेठचे व्याही मुंबईला मंत्र्यांच्या मांडीला मांडी लावून बसतात.

म्हटलं, साहेब, ९० दुरुस्त करायचा तर ८४ पण करू. तिथे खरंच बागाईत आहे.

रागावले नाहीत. पानाचं तबक पुढे केलं. "जरूर करा. म्हणजे लेव्ही होती तोवर ती चुकवली हे सिद्ध होईल. त्या बाईवर खटला होईल, आणि तिच्याआधी तुमच्यावर." मग चुना लावता लावता, "तुमचा मुलगा मॅट्रिक झालाय ना? घरीच असतो?"

९० ला फळबाग लिहिली. अक्षर जरा बिघडलं.

बुध. १ डिसेंबर
वसंताला नोकरी लागली. कंपनीचं ऑफिस कासारवाडीला भाड्याच्या जागेत उघडलंय, तिथे टाइमकीपर. कारखान्याचा अजून पाया नाही, पण टाइमकीपर आहे. तूर्त तीन महिने हंगामी. हिने साखर वाटली. पोरगा दोन वर्षं घरी बसून होता, त्याचा चेहरा पाहून मलाही बरं वाटलं. हेही लिहायला हवं.

फाटकाशी आसपासच्या गावांची पोरं रांगेत उभी होती, त्यात काशीबाईचा थोरला. त्याला सांगितलं, जमिनीचा ताबा मिळाला की बघू.

शनि. ११
हरकतींची सुनावणी, पुण्यात. सगळे चिंचवडहून सकाळच्या गाडीने. धुतलेली धोतरं, पागोटी, जणू लग्नाला निघालेत.

भूसंपादन अधिकारी भला माणूस वाटला. थकलेला. त्याच्यापुढे माझे उतारे. एकेकाला विचारी, जमीन गवताची आहे, मग हरकत कसली? भाव कमी वाटतो का? म्हातारी माणसं नुसती हात जोडून उभी. भाव सोडून दुसरीही हरकत असू शकते, हे त्यांना बोलून दाखवता येईना. कंपनीचे दोन वकील, ते मात्र खुर्चीवर.

काशीबाईची पाळी आली. ही बया टोपली घेऊनच आलेली. पुढे झाली आणि मेथीच्या जुड्या, वांगी, सगळं साहेबाच्या टेबलावर पालथं केलं.

"ह्ये गवत हाय व्हय?"

सगळे हसले. अधिकारीही हसला. मग गंभीर होऊन त्याने विचारलं, मग पाहणीत गवत कोणी लिहिलं?

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यापासून चार हातांवर, बगलेत दप्तर. एक शब्द बोलली असती तर मी तिथेच संपलो असतो. म्हणाली, "मला वाचता येत न्हाई, साहेब."

अधिकारी माझ्याकडे वळला. तलाठी, पाहणी जागेवर जाऊन केलीत?

मी म्हणालो, होय.

पुढची तारीख १७ जानेवारी. यंदाच्या रब्बीचं पाहणीपत्रक तलाठ्याने मूळ हजर करावं, ते पाहून निकाल. टेबलावरची भाजी शिपायांनी वाटून घेतली.

परत येताना तिच्या डब्यात बसलो नाही.

रवि. १२
हिला सगळं सांगितलं, सेहेचाळीसपासून. तांदूळ निवडत ऐकत होती. वसंताच्या नोकरीमागे काय आहे तेही सांगितलं, तेव्हा हात थांबला. वाटलं, आता म्हणेल गप्प राहा, चार वर्षं काढा. तसं नाही म्हणाली.

"ती तुमच्यासाठी गप्प बसली. तुम्ही कुणासाठी बसलात?"

सूप उचलून आत गेली. दिवसभर जेवढ्यास तेवढं बोलणं.

बुध. २२
मा.साहेबांचा निरोप. रब्बीची पाहणी "नेहमीच्या पद्धतीने" करावी. नेहमीच्या या शब्दाखाली रेघ.

लाज वाटते. या लोकांनी मला उघड लाच दिली नाही, उघड दम दिला नाही, चांगलं म्हणत म्हणत माझीच वाईट सवय माझ्याकडून मागितली. मंत्री, शेठ, कंपनी, एवढी मोठमोठी माणसं आणि सगळ्यांचा भार शेवटी माझ्या आळसावर.

सोम. ३ जानेवारी १९५५
गेलो. दप्तर घेऊन, कोतवालाला न सांगता, एकटा. आठ वर्षांत पहिल्यांदा पाहणीसाठी बांध चढलो. धोतराला कुसळं. आधी ८४.

काशीबाई भांगलत होती. उठली नाही. मी बांधावर बसून लिहायला लागलो. वांगी वीस गुंठे. मेथी, कोथिंबीर. घेवडा. गहू एक एकर. विहीर चालू, मोट एक. लिहिताना वाचून दाखवत होतो. ती खुरपं चालवत ऐकत होती.

म्हणाली, "यानं मळा ऱ्हाईल?"

म्हटलं, सांगता येत नाही. राहणार नाही बहुतेक. वरच्यांचं ठरलंय.

"मग कशापायी लिवताय?"

पंच म्हणून अंगठा दे म्हटलं, तर हात मागे घेतला. लेव्हीच्या खटल्याचं तिच्या कानावर आलंय, कोणीतरी गावात पेरलंय. "माझं नाव नगा घालू, भाऊसाहेब. आठ वर्सं माझ्यासाठी लिवलं न्हवं? आता तुमच्यासाठी लिवा."

आभार मानेल असं कुठेतरी वाटलं होतं. काय माणूस मी.

शनि. ८
सहा दिवस लागले. एकतीसच्या एकतीस नंबर पायी. लोक लांबून बघतात. त्यांना वाटतंय, जमीन जायच्या आधी तलाठी आता आणखी काय काढून नेतोय. एकाने कुत्रं सोडलं अंगावर.

शेवटी ९०. रोपं मोजली. जिवंत चार. बाकी गवत. गवतपड लिहिलं, आणि जूनची फळबागेची नोंद खोटी, हेही.

मग अखेरच्या पानावर शेरा: "मागील आठ वर्षांच्या नोंदी मी जागेवर न जाता माझ्या मर्जीने केल्या. खातेदारांनी काहीही सांगितले नव्हते. दोष सर्वस्वी माझा." यातलं मधलं वाक्य खोटं आहे. ते राहू दे. खाली सही, पूर्ण नावाची.

हिला वाचून दाखवलं. मग वसंताचं काय, एवढंच विचारलं. मी पत्रक दप्तरात बांधलं.

सोमवारी १७ ला मूळ पत्रक मी स्वतः अधिकाऱ्यासमोर ठेवणार. त्याच्या आधी कोणाच्या हाती पडता कामा नये. मा.साहेबांच्या हाती गेलं तर नवं पत्रक होईल आणि हे कधी नव्हतंच असं ठरेल.

गुरु. १३
भोगी. घरात भाजी शिजतेय, तीळ लावलेल्या भाकऱ्या.

अकराच्या सुमारास चावडीपुढे कंपनीची जीप. मा.साहेबांची चिठ्ठी: रब्बीचे पाहणीपत्रक तपासणीसाठी पत्र आणणाऱ्याच्या हाती आजच द्यावे. सरकारी दप्तर, न्यायला कंपनीची जीप. याचंही आता नवल वाटत नाही.

चिठ्ठी घेऊन वसंता आला. नवी पँट, खिशाला पेन. त्याला काही माहीत नाही. हिने मुद्दाम सांगितलेलं नाही, मीही नाही. मा.साहेबांनी त्याला सांगितलंय, तुझ्याच वडिलांकडचं काम आहे, तू जा. आज काम झालं तर एक तारखेपासून कायम.

"अण्णा, लवकर द्या ना. साहेब कचेरीतच बसलेत."

असं हसून बोलताना त्याला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

ही आतून दारापाशी आली. भाकरीच्या पिठाचे हात. माझ्याकडे बघतेय, त्याच्याकडे नाही. पत्रक माझ्या मांडीवर, त्यावर ही वही. त्याला म्हटलं, थांब, दोन ओळी लिहायच्या राहिल्यात. बरं म्हणाला. उभा आहे.