तिथं विष असतंय, म्हणाला होतात

अप्पा, तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा भांडले नव्हते. सकाळी आंघोळ झाली की विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसते. गुरूंचं नाव घेतलं की पाठोपाठ तुमचं येतं. मी बोलावत नाही, आपोआप येतं. सोमवारी तुमच्या समाधीवर बेल ठेवून येते. तुमचे जावई चहा पिता पिता म्हणतात, "सासऱ्याच्या निम्मी भक्ती माझी केली असतीस, तर आजवर माझंबी देऊळ झालं असतं की." मी हसते आणि परडी उचलते. पण मागच्या महिन्यात एक बाई घरी येऊन गेल्या, आणि तेव्हापासून तुमचं नाव आलं की मी तिथंच अडते. समाधीकडे गेलेले नाही. ह्यांनी विचारलं, तर गुडघा दुखतोय म्हटलं.

आधी तुम्ही मला आठवता तसे लिहिते, नाहीतर रागाच्या भरात तेही पुसलं जाईल. संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची यात्रा आली की तुम्ही मद्रासच्या गाडीनं यायचात. वर्षभर तिकडे समुद्राकाठच्या सरकारी केंद्रात, अणुभट्टीच्या इंधनाच्या कामावर, आणि आम्हा मायलेकींच्या वाट्याला ती यात्रेपुरती रजा. गल्लीतल्या लोकांना वाटायचं तुम्ही बॉम्ब करता. त्यांच्यापुढं तुम्ही गप्प बसायचात, मला मात्र चुलीपाशी बसून नीट सांगायचात. अव्वा भाकरी थापतेय, मी लाकडं आत सारतेय, आणि तुम्ही पाटावर बसून म्हणताय, "ही चूल बघ. लाकूड जळालं, राख झाली, संपलं. आमच्या भट्टीत तसं न्हाय. जळालेल्या कांड्या भाईर काढायच्या, तुकडे करून आम्लात विरघळवायच्या, त्यातलं कामाचं तेवढं येगळं काढायचं, आणि त्याच्या पुन्हा नव्या कांड्या करायच्या. शिवाय भट्टीच्या कडेनं साधं, न जळणारं युरेनियम रचून ठेवायचं, तेबी आतल्या कणांच्या माऱ्यानं हळूहळू जळण होऊन बसतंय. घातलं त्याच्यापेक्षा जास्त निघतंय." अव्वा भाकरी उलटत म्हणते, "मग एक भट्टी हितं आनून द्या की, सरपणाची कटकट तरी मिटंल." तुम्हाला हसून हसून ठसका लागतो. मी विचारते, भट्टीतली उष्णता बाहेर कशानं आणता, पाण्यानं? "पाणी नको. पाण्यातनं गेले की आतले कण मंदावतात, आमाला ते पळतेच पायजेत. म्हणून पातळ केलेला धातू फिरवायचा. सोडियम. त्याला पाण्याचा थेंब दिसला की पेट घेतोय." "तुमच्याच घराण्यातला दिसतोय," अव्वा म्हणते. आणि मग तुमचं ते ठरलेलं वाक्य, की फुकट काही नसतं, प्रत्येक फेऱ्यात थोडं हरवतं, आणि हरवलेलंही लिहून ठेवायचं असतं. घरखर्चाच्या वहीत 'सांडलं-हरवलं' असा एक खाना मी आजही आखते. वाण्याकडचा पोरगा बघून हसतो, हसू दे.

एका वर्षी तुम्ही चादरीच्या दुकानातून रिकामं खोकं आणलंत. पुढच्या बाजूला दोन गोल भोकं पाडलीत, त्यांत जाड रबरी हातमोजे बसवलेत. मोजे नवेच होते, पण बारीक दोष निघाला म्हणून तिकडे बाजूला काढलेले. वर एका जुन्या फोटोची काच ठेवलीत. आमच्याकडं असंच असतं, म्हणालात. इंधनाची भुकटी हवेत उडाली आणि श्वासातून आत गेली की माणसाचं वाटोळं होतं, आणि काही भुकटी तर नुसत्या हवेनंही पेटते. म्हणून ती बंद पेटीत ठेवायची, आणि माणसानं बाहेर उभं राहून फक्त हात आत घालायचे. खोक्यात तुम्ही ज्वारीचे दाणे आणि पपईच्या पानाचा पोकळ देठ ठेवलात. दाणे म्हणजे इंधनाच्या गोळ्या, देठ म्हणजे पोलादी नळी. एकेक दाणा उचलायचा, नळीत सोडायचा, सांडायचा नाही. मोज्यांत माझी बोटं निम्म्यावरच संपायची. पहिल्या दिवशी नळीपेक्षा खाली जास्त गेले. यात्रा संपेपर्यंत एकही सांडेना. तेव्हा तुम्ही अव्वाला हाक मारलीत, "अगं, हिचा हात बघ की हिकडं येऊन. आमच्या पोरांना वर्षभर जमत न्हाय हे." अव्वा पिठाच्या हातांनी आली, बघितलं न बघितलं करून गेली. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, एवढा आनंद झाला होता.

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा तुम्ही मुद्दाम रजा काढून आलात. मला वाटलं निकालासाठी. स्थळ बघायला आला होतात, हे संध्याकाळी कळलं. मी स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होते. धीर करून म्हटलं, तिकडे मुलींनाही तंत्रनिकेतनात घेतात म्हणे, मी तुमच्याबरोबर येते, मला पेटीवरचं काम शिकायचंय. तुम्ही कधी आवाज चढवत नव्हतात, त्या दिवशी चढवलात. "खुळी हायस का? तिथं विष असतंय. बाईमाणसाचं काम न्हवं ते. उद्या पोरंबाळं व्हायची हायत तुला, त्यांच्या अंगाला लागलं म्हंजे?" माझा हात थांबला, तर म्हणालात, "करपतंय बघ." एवढंच. पुन्हा तो विषय तुम्ही काढला नाहीत, मीही नाही. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं, गावातल्या गावात.

मी तेव्हा रागावले नाही, हेच आता मला सोसत नाही. मी ती माया समजले. दोन्ही बाळंतपणांत, बाळाला पुसून माझ्याजवळ दिलं आणि मी त्याचे हातपाय नीट बघून घेतले, तेव्हा पहिली आठवण तुमची आली, की अप्पांनी जपलं. शेजारची एक म्हणाली होती, एवढा शिकलेला बाप, पोरीला मॅट्रिकवर बसवलं. तिच्याशी मी भांडले. म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक तिथं काय असतं ते. पेपरात त्या समुद्राकाठच्या केंद्राचं काही आलं की कात्रण कापून देवघराच्या कोनाड्यात ठेवायचे. तुमचे आजोबा स्वतः विषापुढं उभे राहिले आणि लेकीला लांब ठेवलं, असं मी माझ्या पोरांना सांगत आले. देवाखालोखाल मी कशावर विसंबले असेन तर ह्यावर.

त्या बाई माझ्याच वयाच्या. साखर पेठेतल्या विणकराच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. नोकरी संपवून गावी परत आल्यात. पत्ता विचारत विचारत आल्या आणि दारातच माझे दोन्ही हात धरले. "सरांची मुलगी ना तुम्ही? इतकी वर्षं नुसतं ऐकलंय ओ तुमच्याबद्दल." तिकडची नवी मोठी भट्टी उभी राहिलीय, म्हणून इंधनावर काम केलेल्या जुन्या माणसांची एक पुस्तिका निघणार होती. तुमच्यावर त्यांनी लिहिलं होतं, आणि वडील म्हणून तुम्ही कसे होतात याचं एक पान माझ्याकडून हवं होतं. मी चहात जास्तीचं दूध घातलं, जे मी कुणासाठी घालत नाही.

चहा घेता घेता त्या सांगू लागल्या. "आमचे वडील काही तयार नव्हते. पोरगी एकटी मद्रासला जाऊन काय करणार, म्हणायचे. तर सर स्वतः आले आमच्या घरी, गड्ड्याच्या सुट्टीत. म्हणाले, पोरीला पाठवा, मी हाय तिथं. वडील म्हणाले, तिथं विष असतंय म्हणतात. सर म्हणाले, असतंय की. पण ते पेटीत असतंय, आणि पेटी बाईला येगळी आन् गड्याला येगळी असत न्हाय. दिवस राहिले तर तेवढे महिने दुसऱ्या कामावर घालतात, झालं." मग त्यांना काही आठवलं आणि त्या खुलल्या. "आणि हो, तुमच्या हातची शेंगाचटणी आणली होती. आमची आई शेवटपर्यंत नाव काढायची त्या चटणीचं."

ती चटणी मलाही आठवते. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, थोरला पोटात होता, यात्रेला माहेरी आले होते. तुम्ही टोपी घालत म्हणालात, "जरा ओळखीच्यांकडं जाऊन येतो, एक डबा भर." मी उखळात कुटून डबा भरला, वर झाकणाला फडकं बांधलं. कुणाकडं, हे विचारलं नाही.

मी त्या बाईंना विचारलं, ते नियम नंतर बदलले असतील ना? "नाही ओ, पहिल्यापासून तेच," त्या म्हणाल्या. आणि मग पपईच्या देठाचं निघालं. नव्या माणसाला पेटीवर घ्यायच्या आधी तुम्ही खोक्यात दाणे आणि देठ द्यायचात म्हणे. "आमच्या हातनं सांडलं की सर सांगायचे, सोलापुरात एक पोरगी हाय, दहा वर्षांची होती तवा एक दाणा सांडत नव्हती, तिच्यासारखा हात झाला की या. पोरं वैतागायची! ही सोलापूरची पोरगी आहे तरी कोण, म्हणायची." आणि अगदी साध्या मनानं त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या केंद्रात होता? आम्हाला वाटायचं मुंबईला असाल." हे पलीकडे पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "ती हितंच असती. माझ्या केंद्रात." त्या हसल्या. मीही हसले.

अप्पा, मी तुम्हाला दोषातून सोडवायचा प्रयत्न केला. ह्यांनीही केला. म्हणाले, "तुला न्हाय म्हटलेलं आतनं खात असंल त्यांना, म्हणून दुसऱ्याच्या पोरीला नेलं." असेल. पण मग ते मला सांगायचं होतं. त्यानंतर किती यात्रा आल्या, तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या हातची भाकरी खाल्लीत, आणि तिकडे साखर पेठेतली पोरगी तुमच्या शेजारी उभी राहून नळ्या भरत होती. एकदा म्हणायचं होतं, पोरी, विषाचं मी निमित्त केलं, चांगलं स्थळ हातचं जाईल म्हणून भ्यालो. मी काय केलं असतं? दिवसभर बोलले नसते. दुसऱ्या दिवशी वाढलं असतं. पण तुम्ही माझ्या न जन्मलेल्या पोरांना पुढं केलंत, आणि त्या पोरांची आई होऊन मी तुम्हाला हात जोडत राहिले. नकार मी पचवला असता. बापानं नाही म्हटलेल्या पोरी काय थोड्या आहेत? मला लागलंय ते वेगळंच. माझा हात तुम्ही तिकडे नेलात. रोज पोरापोरींपुढं ठेवलात, कापडवाला मीटरपट्टी ठेवतो तसा. मला तेवढं नेलं नाहीत. एवढे हिशोबाचे पक्के तुम्ही, मला कुठल्या खान्यात लिहिलं होतंत?

पान द्यायचं राहिलं होतं. मी खरं तेच लिहायचं ठरवून बसले. 'माझे वडील माझ्याशी खोटं बोलले,' एवढं लिहिलं, आणि पुढचं लिहिण्याआधीच कागद फाडला. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडला. तेवढ्यात त्या बाईंचा फोन आला. घाई नाही म्हणाल्या, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "ताई, एक विचारू? सरांनी तुम्हाला का नाही नेलं ओ तिकडं? त्या दिवशी घरी आले आणि मला चैन पडेना." त्यांना समजलं होतं, अप्पा. त्या आवाजात सगळं होतं. मी कणिक मळत होते, हात तसाच ठेवून पटकन म्हटलं, "अहो, अप्पा तर मागंच लागले होते माझ्या, चल चल म्हणून. मलाच नको होतं. मला आपली पहिल्यापासून घराचीच आवड." पलीकडे त्यांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. "तरीच! मी म्हणतच होते, सर असं करायचे नाहीत."

मग तेच लिहून दिलं. वडिलांची फार इच्छा होती, लेकच घरकोंबडी निघाली, अशा अर्थाचं. पुस्तिका परवा घरी आली. तुमच्या फोटोच्या शेजारचं पान माझं आहे. ह्यांनी ते मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "असं हाय व्हय." मी म्हटलं, असंच हाय. आता जो कुणी वाचेल त्याला तेच खरं वाटणार.

हे कागद मी ह्यांनासुद्धा दाखवणार नाही. फक्त तुमचा गैरसमज नको म्हणून सांगते. ते खोटं मी तुमची अब्रू राखायला बोलले नाही. त्या बाईनं माझी कीव करू नये, म्हणून बोलले.