साखरेतलं पाणी

छत्रपती संभाजीनगर,
१२ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम. सुरेखावहिनींचा गुडघा कसा आहे? तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

दादा, काल करमाडला काय झालं सांगू! प्रबोधनाची सभा रंगली होती. "आधी डोळ्यांनी बघा, मग विश्वास ठेवा!" असं गरजून मी काचेच्या भांड्यातल्या साखरेवर सल्फ्युरिक आम्ल ओतलं. साखर पिवळी झाली, काळी झाली, भसाभसा फुगून वर आली. वाफेवर धरलेल्या काचेवर थेंब जमले. मी नेहमीसारखी ओरडले, "आम्लानं साखर जाळली!"

पुढंच बसलेल्या कडूबाई म्हणाल्या, "आगं माय, साखर कोरडी, भांडं कोरडं. जाळली म्हणतीस, मंग ह्ये पानी कुठलं?"

मंडप हसला. मी काचेवरचे थेंब पुन्हा बघितले. मग माईकवर म्हणाले, "चुकले मी. आम्ल जाळत नाही. साखरेतला हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाणी करून काढून घेतं. मागं उरतो तो कोळसा." काय टाळ्या पडल्या! कडूबाई म्हणाल्या, "आता कसं!"

घरी येऊन लेकीचं, संस्कृतीचं, बारावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं. आपल्या अंगातही हेच चालतं, दादा! दोन अमिनो आम्लं जोडली जातात, तेव्हा दोघांकडून थोडं थोडं सुटतं, त्याचं पाणी होतं. अशा सांध्यांनीच प्रथिनं बनतात. मला लगेच भाषण सुचलं : जुळायचं तर दोघांनीही काही सोडावं.

फाडून टाकलं ते. तू काय सोडणार? सोडायचं ते मलाच आहे.

तीन वर्षांपूर्वी अशाच सभेत मागच्या रांगेतून तू एवढंच म्हणालास, "करुणे, आम्ल जाळत नाय, पानी काढतं." आणि मी माईकवरून म्हणाले, "बाटल्या धुणाऱ्यानं रसायनशास्त्र शिकवू नये." श्रमाच्या प्रतिष्ठेवर तासभर बोलून झाल्यावर! लोक हसले. तू चपला घालून निघून गेलास. मी भाषण पूर्ण केलं.

कालही तुझं नाव घेतलं नाही. टाळ्या एकटीनंच घेतल्या.

येत्या रविवारी बिडकीनला सभा आहे. तू आलास तर आम्ल तू ओत, माईकही तुझाच. नाही आलास तरी सुरुवातीलाच सांगणार आहे, की हे मला माझ्या भावानं, प्रयोगशाळेत तीस वर्षं राबलेल्या धोंडिबानं शिकवलं, आणि त्याला मी काय बोलले तेही.

आज ते भांडं स्वतः धुतलं. तासभर घासलं, तरी तळाचा काळा डाग हटत नाही. कशानं जातो, तेवढं तरी कळव.

तुझीच,
करुणा