गौसिया, पतीचे नाव जिलानी

लातूर,
२४ नोव्हेंबर

प्रिय गौसिया,

पत्र बघून दचकू नकोस. कोर्टाचं नाही, बँकेचंही नाही. मी नागी. जळकोटच्या शाळेत तुझ्या डावीकडं बसणारी, तुझ्या पेन्सिली कुरतडणारी. पंचावन्न वर्षांनी तुझा पत्ता मिळाला, आणि तोही सरकारी यादीत! तू सापडलीस, असं माझी नात राजकन्या छातीठोकपणे सांगते. मी अजून तसं म्हणत नाही. का, ते शेवटी सांगेन. आत्ताच सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

तर झालं असं. राजकन्येचं इथं कोर्टाजवळ छोटं दुकान आहे. सातबारा, फेरफार, जन्माचे दाखले, सगळं कॉम्प्युटरवर शोधून काढून देते. दुपारचं जेवण झालं की मी तिथं जाऊन बसते. लोक येतात, आजोबा-पणजोबांची नावं सांगतात आणि मशीनमधून कागद बाहेर येतो. एके दिवशी ती म्हणाली, जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं आता फोटो काढून साइटवर टाकलीत. मी म्हटलं, मग माझं नाव काढ आधी. मी चौथी पास आहे यावर घरात कुणाचा विश्वासच नाही. माझा मुलगा शिवशंकर तर पाहुण्यांदेखत म्हणतो, "आमची माय शाळेच्या भिंतीमागं गवऱ्या थापायची अन् पाढे आयकून पाठ करायची."

पोरीनं तीन दुपारी पानं उलटली. त्या रजिस्टरांत नाव टाइप करून शोधता येत नाही, एकेक पान मोठं करून डोळे फाडून बघावं लागतं. चौथ्या दिवशी माझ्याकडं असं बघितलं की मीच खोटारडी. म्हणाली, "आजे, कमलम्मा नावाची पोरगी त्या शाळेत न्हाईच. लई शोधलं मी." मी कपाळावर हात मारला. अगं, कमलम्मा कुठून सापडणार? लग्नात ताटातल्या तांदळात नाव लिहून सासरच्यांनी मला कमलम्मा केलं. उदगीरकडचं अर्धं कानडी घर, त्यांना तसंच नाव हवं होतं. मी कधी नागाबाई होते हे नातीला माहीतच नाही. आणि मी येडी तीन दिवस शेजारी बसून चहा पीत होते, पण हे माझ्या डोक्यात येईल तर शपथ!

नागाबाई म्हणून शोधल्यावर दहा मिनिटांत सापडले. अनुक्रमांक एकशे तेरा. आणि माझ्या वर, एकशे बारावर, तू. त्या पानावरची झाडून सगळी पोरं एक जूनला जन्मलेली, गुरुजींनी ओळीनं तेच लिहिलंय. फक्त आपण दोघी सतरा डिसेंबरच्या. आठवतं ना? तुझे अब्बा बांगड्यांची पेटी खांद्यावरून उतरवून, झाकणाच्या आत लिहून ठेवलेली तुझी तारीख गुरुजींना वाचून दाखवत होते. मग गुरुजींनी माझ्या बापूंना विचारलं. बापूंना कुठली तारीख माहीत! ते म्हणाले, "दोघी संगंच खेळत्यात गुरुजी. तेच लिवा हिचं बी." तुझा वाढदिवस मी न विचारता घेतला, तो असा. अब्बांनी मात्र तो खरा मानला. दर वर्षी त्या दिवशी दोघींच्या हातांत सारख्याच हिरव्या बांगड्या भरायचे. माझ्या आधार कार्डावर एक जानेवारी आहे. नातवंडं त्या दिवशी केक कापतात, मी खातेही. पण माझा वाढदिवस मनातल्या मनात सतरालाच होऊन गेलेला असतो, तुझ्यासकट.

शिवशंकरला ते पान छापून दाखवलं. आता तो पाहुण्यांना, "आमची माय सरकारी रेकॉर्डात हाय," असं सांगत फिरतो. मी मात्र त्या पानाकडं बघून रडले, गौसे. खोटं कशाला सांगू? माझा भाऊ भुजंग गेल्या वर्षी गेला. मला नागी म्हणणारा तो शेवटचा. आता घरात आई आहे, आजी आहे, कमलम्मा आहे. नागी कुणाला ठाऊकच नाही. ती तुझ्याजवळ तेवढी शिल्लक असेल तर असेल.

राजकन्या म्हणाली, मग शोधू की त्यांना. सासर नांदेड आणि दुल्हेभाईंचं नाव जिलानी, एवढंच मी सांगू शकले. तेवढं पुरलं. मतदार यादीत शोधायचं तर आधी स्क्रीनवर येणारी वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहावी लागतात. राजकन्येला ती दोनदा चुकली, मला पहिल्या झटक्यात आली. तुझं अक्षर वाचायची सवय, दुसरं काय! निकाहात तुझं नाव बदललं नाही हे केवढं बरं झालं. तूही मला शोधलं असशील, नागाबाई म्हणून. मी कुठंच मिळाले नसेन. तेव्हा मी विसरले असं समजून रागावली असशील तर तो राग आता सोड.

आता शेवटचं. नांदेडच्या यादीत पतीचं नाव जिलानी असलेल्या आणि सत्तरीच्या आसपास असलेल्या गौसिया तीन निघाल्या. तिघींच्याही फोटोच्या जागी नुसतंच 'छायाचित्र उपलब्ध' असं लिहिलेलं. म्हणून हे पत्र मी तीनदा लिहिलं, झेरॉक्स नको म्हटलं. ही तिसरी प्रत, अक्षराला नावं ठेवू नकोस, बोटं दुखताहेत. तू माझी गौसिया असशील तर पाकिटावरच्या नंबरवर फोन कर आणि एवढंच सांग: चौथीत तपासणीचे साहेब आले तेव्हा आपण दोघी कुठं लपलो होतो? आणि तू ती नसशील, तर बाई, पत्र फाडू नकोस. इथवर वाचलंस म्हणजे मी कोण ते तुला समजलंच. मला नागी म्हणायला तेवढं पुष्कळ झालं. सतरा डिसेंबरनंतर दोनच दिवसांनी येळवस आहे, शेतात जेवायची अमावस्या; आमच्या शेतात भज्जी आणि आंबील असेल. एक जीप करा आणि तिघी मिळून या. हिरव्या बांगड्यांचे चार जोड मी कालच घेऊन ठेवलेत.

तू कुठलीही गौसिया असलीस तरी तुझीच,
नागी