बाबांची मॉरिस आणि भाटियासाहेबांची नोटीस

नोएडा,
रविवार, ३ नोव्हेंबर १९९६

तीर्थस्वरूप दादास,

साधनाचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण गेले दोन महिने गाडीखाली वाकून कंबर धरली आहे, तेव्हा सध्या उभ्यानेच स्वीकार.) तुझं पोट आता कसं आहे? राधावहिनी फोनवर म्हणाल्या की तू जेवणानंतर शतपावली सुरू केली आहेस आणि ती टीव्हीसमोर जागच्या जागी करतोस. तेही काही कमी नाही. इकडे सगळे खुशाल. नवरोबा यतीन नव्या परदेशी कंपनीत रमला आहे, आता घरीसुद्धा भाजी संपली की ‘इश्यू’ म्हणतो. शिवांजली मजेत. परवा तिने मला ‘मम्मी, उखळ म्हणजे एक्झॅक्टली क्या?’ असं विचारलं, आणि मलाही नीट सांगता आलं नाही. बाबा उत्तम आहेत. म्हणजे तसे उत्तम आहेत. काय काय झालं ते सविस्तर लिहिते, तू फोनवर ‘थोडक्यात सांग’ म्हणतोस म्हणूनच पत्र.

बाबांची मॉरिस मायनर तू विसरला नसशीलच, कारण तिच्या मागच्या सीटवर तू दिल्ली ते मथुरा अखंड ओकला होतास. आई गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, ती कँटोनमेंटमध्ये शंकरकाकांच्या क्वार्टरमागे उभी होती. (शंकरकाका म्हणजे बाबांच्या वर्कशॉपमधले सुभेदार, दर रविवारी तिच्यावरची कबुतरांची घाण पुसायचे आणि याला ‘मेंटेनन्स’ म्हणायचे.) मागच्या वर्षी बाबा आमच्याकडे राहायला आले ते दोन ट्रंका, आईचा फोटो आणि टेम्पोच्या मागे दोराने बांधलेली मॉरिस घेऊन. यमुनेच्या पुलावर दोर दोनदा तुटला. दोन्ही वेळा बाबा स्टिअरिंगमागे ताठ बसून होते आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना शांतपणे हाताने ‘पुढे जा’ अशी खूण करत होते, जणू थांबायचा निर्णय त्यांचाच होता.

आमची सोसायटी तू पाहिलेली नाहीस. चार मजले, समोर गव्हाचं शेत (पुढच्या वर्षी तिथे मार्केट होणार, असं पाच वर्षं ऐकते आहे), आणि खाली पार्किंग. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत तिथे स्कूटरी असायच्या. आता देशात बाहेरच्या कंपन्या आल्या आणि दर दिवाळीला कुणाची ना कुणाची नवी चकचकीत गाडी हार घालून येते, आणि सगळ्यांना पेढे मिळतात. अशा रांगेत मॉरिस उभी राहिली. चारही टायर बसलेले, एका दारातून पिंपळाचं रोप वर आलेलं. सोसायटीचे सेक्रेटरी भाटियासाहेब वर्षभर सभ्यपणे ‘कॅप्टनसाब, इसका कुछ करते हैं’ म्हणत राहिले. मग त्यांच्या खोलीतला नवा एसी बंद पडला. मेकॅनिकने उघडला तर आत खारींचं प्रशस्त घर, आणि ते बांधलेलं सगळं मॉरिसच्या सीटमधल्या काथ्याने. चौथ्या दिवशी नोटीस लागली: जी वाहनं स्वतः चालू शकत नाहीत किंवा ज्यांचे कागद वैध नाहीत, ती ३१ ऑक्टोबरनंतर भंगारवाला नेईल. सोसायटीत असं वाहन एकच होतं, तरी नोटिशीत ‘वाहनं’ असं अनेकवचन होतं. भाटियासाहेब मनाने वाईट नाहीत.

बाबांनी नोटीस मला मोठ्याने वाचायला लावली. मग म्हणाले, ‘‘चालेल. दोन महिने पुष्कळ झाले.’’ मला वाटलं, नोटीस चालेल म्हणतायत. ते गाडीबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवसापासून माझं घर वर्कशॉप झालं. कार्बोरेटर माझ्या परातीत, त्याचे बारके स्क्रू इडलीच्या साच्यात (एका खळग्यात एका जातीचे, हे मला मान्य करावं लागेल की फार सोयीचं पडतं), आणि बाल्कनीत रॉकेलचा असा वास की शेजारीण दोनदा ‘गॅस लीक है क्या’ म्हणून विचारून गेली. मी शाळेतून आले की माझी ड्युटी सुरू. बाबा गाडीखाली, मी बाहेर, आणि आतून हुकूम, ‘‘सात-सोळांशचा पाना.’’ मी पाना शोधायचा, त्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि मग त्यांच्या तळहातावर ठेवायचा. एकदा न वाचताच ठेवला तर म्हणाले, ‘‘वर्कशॉपमध्ये रिपोर्ट केल्याशिवाय हत्यार हातात देत नाहीत.’’ प्रत्येक भाग ते आधी बोटांनी चाचपायचे, डोळे मिटून, हळूहळू, आपण पुरणात डाळीचा दाणा राहिला का बघतो तसे. मी कौतुकाने बघायचे. यतीन म्हणाला, ‘‘यार, हे काम नाही, ध्यान आहे.’’

ब्रेकचे रबरी वायसर कुठेच मिळेनात, म्हणून एका शनिवारी आम्ही करोल बागेत गेलो. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांची गल्ली आहे. पहिल्या सात दुकानांनी आम्हाला पाणी दिलं आणि वायसर नाही म्हणाले. आठव्याने म्हातारा भाग आणि म्हातारं गिऱ्हाईक दोन्ही निरखून पाहिले आणि माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून दिला. त्यात शेकडो वायसर, सगळे काळे, सगळे सारखे. मी चष्मा लावून शोधायला बसले. बाबांनी डब्यात हात घातला, छताकडे पाहत दोन मिनिटं चाळवला आणि बरोबर आठ वायसर काढून काउंटरवर मांडले. दुकानदाराने मोजपट्टी लावली. आठही बरोबर. तो उठून उभा राहिला आणि ‘‘बाऊजी, आप कौन?’’ म्हणाला. बाबांनी फक्त आपल्या फौजी वर्कशॉप शाखेचं नाव सांगितलं, ‘‘ईएमई.’’ आणि निघाले. परत येताना ऑटोत मी मनात म्हटलं, एवढी फुशारकी बरी नव्हे.

मग गाझियाबादच्या एका उस्तादाकडे गाडी नेऊन पत्र्याचं काम झालं (तो भला माणूस, आपल्या गिऱ्हाइकांपेक्षा गाड्यांशी जास्त बोलतो), सीटा भरून झाल्या, टायर आले, आणि बावीस ऑक्टोबरला इंजिन सुरू करायचा मुहूर्त ठरला. बॅटरीवर तिने नुसता उसासा टाकला. तेव्हा हँडल मारायची वेळ आली. यतीनला ऑफिसला निघायचं होतं, तरी त्याने कोट काढून हँडल हातात घेतलं. बाबा म्हणाले, ‘‘अंगठा बाहेरच्या बाजूला ठेवू नकोस, उलटं मारलं तर मनगट जाईल.’’ यतीनने, मॅनेजमेंट शिकलेला असल्यामुळे, अंगठा बाहेरच्या बाजूलाच ठेवला. त्या दिवशी त्याने सिंगापूरहून आलेल्या साहेबांशी डाव्या हाताने शेकहँड केला आणि सगळे आलेख डाव्या हाताने दाखवले. साहेबांना वाटलं ही इकडची पद्धत असेल, तेही डाव्या हातानेच वागले.

दुसऱ्यांदा मी हँडल मारलं. (हो, मी. अंगठा आत ठेवून.) आधी पेट्रोलचा पंप टकटकला, मग काहीतरी खोकलं, मग सगळी सोसायटी निळ्या धुरात दिसेनाशी झाली आणि त्यातून तो आवाज आला. दादा, तू असतास तर तुला त्या आवाजानेच मळमळलं असतं, इतका तो जुना होता. बाबा बॉनेटवर हात पालथा ठेवून उभे राहिले, ताप बघावा तसे.

आता राहिले कागद. गाडी दिल्लीच्या नंबरची, पंधरा वर्षांहून कितीतरी जुनी, तेव्हा दिल्लीत निरीक्षकासमोर चालवून दाखवायची आणि मग नोंदणी पुन्हा होणार. तारीख मिळाली तीस ऑक्टोबर, म्हणजे नोटिशीची मुदत संपायच्या आदल्या दिवसाची. तिथपर्यंत उस्तादाने गाडी चालवत नेली. बाबा शेजारी, इस्त्रीचा ब्लेझर, मेडलं. मी मागे फाइल घेऊन. मैदानात बाबा म्हणाले, ‘‘आता मी घेतो. मालक मी आहे.’’

मैदान साधं आहे. वळणाचा रस्ता, शेवटी चुन्याने रंगवलेले ड्रम, आणि तिथे उभं राहून निरीक्षक सांगतात ते करायचं. त्या दिवशी कुणीतरी एका ड्रमवर आपलं हेल्मेट ठेवलं होतं. निरीक्षक त्या ड्रमपासून वीसेक पावलांवर चहा पीत होते. बाबांनी गाडी झकास उचलली, पण वळणाच्या रेषेवरून सरळ गेले. मग ड्रमच्या अगदी समोर ब्रेक मारला (ब्रेक उत्तम लागले, वायसर चांगले होते), काच खाली केली, ताठ बसून सॅल्यूट केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, ‘‘गुड मॉर्निंग, सर. ऑनररी कॅप्टन मल्हारी खराडे.’’

ड्रमने उत्तर दिलं नाही. बाबा हात कपाळाला लावून वाट पाहत राहिले. रांगेतले ड्रायव्हर हसायला लागले. मीही हसले, दादा, खोटं कशाला लिहू; मला वाटलं बाबा गंमत करतायत. मग त्यांनी पुन्हा एकदा, थोडं हळू, ‘‘सर?’’ म्हटलं, आणि माझं हसू गेलं.

मी धावत गेले आणि दार उघडून शेजारी बसले. पाने वाचून का द्यायचे, नोटीस मला का वाचायला लावली, पेपर आल्यावर ते ‘तू आधी वाच’ का म्हणतात, सगळं एकदम लक्षात आलं. मी शाळेत चाळीस मुलांच्या वह्या तपासते, कुणाला फळा दिसत नाही ते आठवड्यात ओळखते. घरातलं वर्षभर ओळखलं नव्हतं.

‘‘कधीपासून?’’

‘‘उजवा होळीपासून. डावा त्याच्या आधी.’’

‘‘सांगितलं का नाही, बाबा?’’

‘‘सांगितलं असतं तर पाना हातात दिला असतास?’’

 याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

तोवर निरीक्षक चहाचा ग्लास घेऊन खिडकीशी आले होते. पन्नाशीचे, कंटाळलेले गृहस्थ. त्यांनी ड्रमकडे पाहिलं, मेडलांकडे पाहिलं, ड्रमवरचं हेल्मेट उचलून खाली ठेवलं आणि बाबांना म्हणाले, ‘‘गुड मॉर्निंग, कॅप्टन साहब. सॉरी, मैं दूसरा काम कर रहा था.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘मैडम, लाइसेंस है?’’

लायसन्स होतं. कॉलेजात असताना काढलेलं आणि नंतर फक्त ओळखपत्र म्हणून वापरलेलं. तर मॉरिस मी चालवली. बाबा शेजारून हलक्या आवाजात सांगत होते, आता क्लच, आता सोड, इंजिन काय म्हणतंय ऐक, आता दुसरा. त्यांना रस्ता दिसत नव्हता आणि मला गाडी कळत नव्हती. दोघांत मिळून एक ड्रायव्हर झाला. वळण्याची खूण करणारा तो छोटा पिवळा हात, दाराच्या खांबातून बाहेर येतो तो, डावीकडे उघडला तो मिटेचना. निरीक्षकांनी स्वतः टिचकी मारून मिटवला आणि पास केलं.

बाबांना मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. त्याच दुपारी डॉक्टरकडे नेलं. परतीच्या वाटेवर नकार द्यायला त्यांना जागाच नव्हती, गाडी मी चालवत होते. दिवाळीनंतर सोमवारी, अठरा तारखेला, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. पट्टी बुधवारी सुटेल. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, महिन्याभराने डावा करू, मग वसंतात कॅप्टनसाहेब खुशाल गाडी चालवतील. नोटीस भाटियासाहेबांनी स्वतः काढली. वर धाकट्या भावाच्या वरातीसाठी मॉरिस मागून ठेवली आहे.

असं सगळं आहे. पोटाला जप. राधावहिनींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझी,
साधना

ता. क. हे पत्र बाबांना वाचून दाखवलं. ड्रमचा भाग गाळून. म्हणाले, इंद्रजितला लिही की मथुरेच्या वेळी चूक रस्त्याची होती, पोराची नव्हती.

ता. क. २. हे वाचून दाखवलेलं नाही. पत्रात सगळं लिहिलं, रंगाचं लिहिलं नाही. गाडी राखाडी होती ना? बाबांनी उस्तादाकडे जाऊन डब्यात डोकावून स्वतः ‘हाच तो राखाडी’ म्हणून रंग निवडला. दादा, ती फिरोजी झाली आहे. लग्नाच्या मांडवाची फिरोजी. मला वाटलं, म्हातारपणी हौस आली असेल, आणि यतीनने तर अभिनंदन केलं. तीस तारखेला घरी आल्यावर बाबा बॉनेटवरून हात फिरवत आईच्या आठवणीने म्हणाले, ‘‘शेवंताला हाच राखाडी आवडायचा.’’ त्यानंतर माझ्याच्याने सांगवेना. निरीक्षकांनीही गाडीच्या नोंदणी-पुस्तकातलं ‘राखाडी’ वाचलं, गाडीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि पेन खिशात घातलं. तेव्हा बुधवारी पट्टी सुटेल त्यावेळी समोर ती गाडी नको, तू हवास. तुला पाहून त्यांना तीन वर्षं झाली. भाऊबीजेची साडी नको, त्याचं तिकीट काढ.

ता. क. ३. निळा शर्ट घालून येऊ नकोस. त्या दिवशी रंगाचा विषयच नको.